खाड्याचा हिशेब

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांत 1 मे उजाडतो तेव्हा साखर कारखान्यांचे पट्टे पडून, म्हणजे गाळप संपून, महिना-दीड महिना झालेला असतो. टोळ्या गावी परतलेल्या असतात. कुणाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फिटली आणि कुणाची अंगावर राहिली, हे टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत लिहून झालेले असते. घरात लग्न निघालेले असते, पावसाआधी बी-बियाणे घ्यायचे असते, पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च समोर असतो. त्यासाठी पुढच्या हंगामाच्या उचलीची बोलणीही सुरू झालेली असतात. मुंबईत हुतात्मा चौकात फुले वाहिली जातात, जिल्ह्याजिल्ह्यांत ध्वजवंदन होते, त्या दिवशी महाराष्ट्रातले लाखो ऊसतोड मजूर एका बांधिलकीतून सुटून दुसरीत शिरत असतात.

यंदाच्या कामगार दिनाला त्यांच्या दृष्टीने आणखी एक महत्त्व आहे. 2024 च्या जानेवारीत पुण्यात शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने ऊसतोडणीच्या मजुरीत 34 टक्के वाढ ठरली आणि टनाचा दर 366 रुपयांच्या आसपास गेला. तो करार तीन हंगामांचा होता. तिसरा हंगाम आता संपला आहे. पुन्हा साखर संघ, मुकादमांच्या आणि मजुरांच्या संघटना आणि लवाद समोरासमोर बसतील, कोयता बंदचे इशारे दिले जातील आणि शेवटी एक टक्केवारी जाहीर होईल. ती टक्केवारी भक्कम असावी, अशी आमची इच्छा आहेच. पण आजवरचे सगळे करार टक्केवारीपाशीच थांबत आले. टनाला किती, हे ठरते. आजारी पडलेल्या माणसाचे काय, हे ठरत नाही. या वेळी ते ठरले पाहिजे. नव्या करारातून खाडा हद्दपार झाला पाहिजे.

खाडा म्हणजे काय, हे साखर खाणाऱ्या प्रत्येकाने एकदा समजून घ्यावे. आजारपण, बाळंतपण, पाळी, भावकीतली मयत, कारण कोणतेही असो, माणूस फडात उतरला नाही की त्या दिवसाची मजुरी बुडते. त्याशिवाय दंडाची ठरावीक रक्कम त्याच्या उचलीत चढते. हा दंड टोळीगणिक कमी-जास्त असतो. पाचशे रुपये हा बहुतेकांच्या तोंडी असलेला आकडा आहे, काही ठिकाणी तो त्याहून मोठा आहे. मजुरीचा हिशेब माणशी होत नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल कोयत्याची, मजुरी कोयत्याची, कर्जही कोयत्याचे. जोडीतले एक जण कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, झोपून राहिले की दुसऱ्याचा दिवसही निम्मा वाया जातो, कारण एकट्याने तोडलेला ऊस बांधायचा कुणी आणि मोळी उचलून द्यायची कुणी?

आता एका बाईचा हंगाम रुपयांत मांडून पाहू. जोडीने दिवसाला अडीच टन ऊस तोडला, बांधला आणि गाडीत भरला तर आताच्या दराने नऊशे ते सव्वानऊशे रुपये होतात. बाईच्या वाट्याला साडेचारशे. पाळीच्या दिवसांत ती महिन्यातून चार दिवस थांबली, तर पाच महिन्यांच्या हंगामात असे वीस दिवस होतात. वीस दिवसांची बुडालेली मजुरी नऊ हजार. वीस दिवसांचा खाडा दहा हजार. म्हणजे एका हंगामात एकोणीस हजार रुपये. पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढायला खासगी दवाखान्यात तीस-चाळीस हजार लागतात, आणि तेही मुकादम उचल म्हणून देतो. दोन हंगामांत ते पैसे वसूल. हा हिशेब कुणी कागदावर मांडत नाही. पण बीडच्या गावांत पंचविशी-तिशीतल्या बायका 'पिशवी काढून टाकली, कटकट गेली' असे सहज सांगतात, त्यामागे हेच गणित आहे. आणि दुःखाची गोष्ट अशी की, त्यांच्यावर लादलेल्या अटींच्या आत ते गणित बरोबर येते.

2019 मध्ये हा प्रश्न देशभर गाजला. त्या वर्षी जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत माहिती दिली की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 99 खासगी रुग्णालयांमध्ये 4,605 स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली. त्यानंतर आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमध्ये 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली; त्यांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले होते. शंभरात जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या थोडे पुढे आहे.

त्यावर सरकारने केलेली कारवाई चुकीची नव्हती. खासगी रुग्णालयाने गर्भाशय काढण्यापूर्वी सरकारी शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यावी, असा नियम बीडमध्ये आला. हंगामाला निघण्यापूर्वी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी, आरोग्य कार्ड, कोप्यांजवळ शौचालये अशा शिफारशी झाल्या. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रियांबाबतची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले. काही डॉक्टरांनी भीतीचा धंदा केला, हे उघड आहे. अंगावरून पांढरे जाते म्हणून आलेल्या बाईला 'कॅन्सर होईल' असे सांगून टेबलावर घेणाऱ्या डॉक्टरला शिक्षा झालीच पाहिजे. पण या सगळ्या उपायांचा रोख दवाखान्याकडे होता. नियम डॉक्टरच्या हातावर बसला. खाड्याला कुणी हात लावला नाही. बाईला शस्त्रक्रियेकडे ढकलणारा हिशेब होता तसाच राहिला; फक्त तिला आता एक परवानगी जास्त लागते.

आजार दवाखान्यात कळतो, पण तो तयार कुठे होतो हे पाहायचे असेल तर जानेवारीत रात्री कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या फडाशी थांबावे. ट्रक कधी येईल ते टोळीच्या हातात नसते. तो मध्यरात्रीनंतर आला तर मध्यरात्रीनंतर उठायचे. ट्रकला अरुंद फळी लावलेली असते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर तीस-पस्तीस किलोंची मोळी आणि हेडलाइटच्या उजेडात त्या फळीवरून वर चढायचे. उसाचे पाचट ओले असते, पायात साध्या चपला असतात. मोळी वर फेकून उतरायचे, पुन्हा चुंबळ सारखी करायची, पुन्हा चढायचे. गाडी भरेपर्यंत हे चालते. जवळच साडीच्या झोळीत तान्हे मूल झोपलेले असते. गाडी गेली की घटकाभर आडवे व्हायचे आणि चार वाजता चुलीपुढे बसायचे, कारण उजाडायच्या आत फडात पोहोचायचे असते. पाठोपाठ पाचटाच्या बारीक कुसळांनी अंग चिरत दिवसभर वाकून मोळ्या बांधायच्या. पाण्याची घागर विहिरीची किंवा कालव्याची. कोपी चार बांबू आणि ताडपत्रीची. आत उभे राहता येत नाही. आडोसा उसाचाच, आणि तोडणी पुढे सरकत जाते तसा तोही कमी होत जातो. दिवसा पुरुषांच्या नजरेत जाता येत नाही म्हणून बायका पाणी कमी पितात, लघवी दाबून धरतात. पाळीचे फडके धुवायला पाणी नसते, वाळवायला जागा नसते.

या दिनक्रमात मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि पांढरे जाणे हे नवल नाही. सततच्या ओझ्याने अंग बाहेर येणे नवल नाही. बाळंतपणानंतर महिन्याच्या आत कामाला लागलेल्या बाईची कंबर कायमची धरणे नवल नाही. आणि पिशवी काढल्यावरही कंबर सुटत नाही. ऐन तारुण्यात हे ऑपरेशन झालेल्या बायका पाठदुखी, चक्कर, अंगाची आग, झोप उडणे यांच्या तक्रारी करतात. अंडाशयेही काढली असतील तर हाडे लवकर ठिसूळ होतात. म्हणजे हंगामाचे दिवस वाचवण्यासाठी जे केले, त्याने पुढचे हंगामच अवघड होतात. त्यावर गोळ्या लागतात, गोळ्यांना पैसे लागतात, पैशांसाठी उचल लागते.

माणसाच्या आरोग्याचा त्याच्या कामाच्या अटींशी किती जवळचा संबंध आहे, हे जगात पूर्वीच सिद्ध झाले आहे. ब्रिटनमध्ये 1967 मध्ये सरकारी नोकरांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला, तो व्हाइटहॉल अभ्यास म्हणून ओळखला जातो. तिथे कुणी उपाशी नव्हते, सगळ्यांना मोफत सरकारी आरोग्यसेवा होती. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांचा मृत्युदर वरच्या श्रेणीच्या जवळजवळ तिप्पट निघाला. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या अभ्यासांत दाखवले की, आपल्या कामावर आपला किती ताबा आहे, कधी थांबायचे आणि कधी नाही हे आपल्याला ठरवता येते का, याचा हृदयविकाराशी थेट संबंध आहे. कार्यालयात बसणाऱ्या कारकुनाच्या बाबतीत हे खरे असेल, तर ज्या बाईला ट्रक आल्यावर उठावेच लागते, ताप असताना चढावेच लागते, तिच्या शरीराचे काय होत असेल?

याहून जवळचे उदाहरण ऊस तोडणाऱ्यांचेच आहे. निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत उसाच्या फडात काम करणारे तरुण पुरुष मूत्रपिंडे निकामी होऊन मरत होते. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी मूत्रपिंडे जात होती. टनावर मजुरी, कडक ऊन, पाण्याची आणि विश्रांतीची सोय नाही, आणि थांबले की पैसे कमी, अशी तिथली स्थिती होती. निकाराग्वातल्या सॅन अँतोनियो कारखान्याच्या परिसरात कामाच्या मधे सक्तीची विश्रांती, हलवता येणारी सावली आणि भरपूर पाणी, एवढीच व्यवस्था शिस्तीने लावली गेली. मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण लक्षणीय घटले. ना नवे औषध, ना नवे यंत्र. कामाचे नियम बदलले आणि आजार कमी झाला. मराठवाड्यातल्या स्त्रियांचा आजार वेगळा आहे, पण तो ज्या मातीत उगवतो ती माती हीच आहे.

आपल्याकडे हे ज्ञान परके नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे झगडून 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मिळवली, तेव्हा त्यांची मागणी शरीराला विसावा मिळावा अशीच होती. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आईला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका घेतली. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे असताना आठ तासांच्या दिवसाचा पाया घातला गेला. आज सरकारी आणि मोठ्या खासगी कार्यालयांतल्या बाईला 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा मिळते. शेजारच्या कर्नाटकाने 2025 मध्ये नोकरदार स्त्रियांसाठी पाळीच्या काळात महिन्याला एक दिवस पगारी रजेचे धोरण स्वीकारले. केरळने 2018 मध्ये कायदा दुरुस्त करून कापडाच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या सेल्सगर्लना बसण्याचा हक्क दिला; कोळिकोडच्या विक्रेत्या बायकांनी त्यासाठी लढा दिला होता. या प्रत्येक ठिकाणी रजा किंवा खुर्ची आरोग्यासाठीच मागितली गेली. ऊसतोड स्त्रीला रजा मिळत नाही एवढेच नव्हे, थांबल्याबद्दल तिला दंड होतो. ज्या राज्यात लोखंडे झाले, त्या राज्यात हे चालावे याचा आम्हाला मनापासून संताप येतो.

हे चालते याचे मूळ कारण, या मजुरांना कुणी आपले म्हणत नाही. कारखान्याच्या गेटच्या आत काम करणाऱ्या कामगाराचा वेतन करार होतो, त्याला भविष्यनिर्वाह निधी असतो, आठवड्याची सुट्टी असते, युनियन असते. गेटच्या बाहेर ऊस तोडणाऱ्याला कारखाना ओळखत नाही. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा तोंडी व्यवहार कोयत्याशी. साखर एकच, पण तिच्यासाठी राबणाऱ्या दोन माणसांमध्ये ही एवढी भिंत. कायद्याचीही अशीच तऱ्हा आहे. बीडचा मजूर बेळगावकडच्या कारखान्याला गेला तर तो कायद्याने आंतरराज्य स्थलांतरित ठरतो. कोल्हापूरला गेला तर ठरत नाही. कोयता तोच, कोपी तीच. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्याचे केंद्राने जाहीर केले, पण ज्याचा मालक कोण हेच ठरलेले नाही त्याच्यापर्यंत कोणती संहिता पोहोचणार?

बाई तर या रांगेत आणखी मागे उभी आहे. उचलीच्या कागदावर अंगठा किंवा सही नवऱ्याची. पैसे नवऱ्याच्या हातात. समान कामाला समान दाम हे तत्त्व 1976 पासून कायद्यात आहे, पण जिथे तिचा दाम वेगळा मोजलाच जात नाही तिथे समान-असमान ठरवायचे कसे? ती फळीवरून पडून जायबंदी झाली तर ती तिथे कामाला होती हे दाखवणारा एकही कागद नसतो. मुकादमाने किंवा ड्रायव्हरने अंगचटीला येण्याचा प्रयत्न केला तर तक्रार कुणाकडे करायची हे तिला माहीत नसते, आणि उचल फिटेपर्यंत टोळी सोडताही येत नाही. म्हणून आम्हाला वाटते की, खाड्याच्या बरोबरीने दुसरी अट घातली पाहिजे ती ही की, प्रत्येक बाईची मजूर म्हणून स्वतंत्र नोंद व्हावी आणि तिच्या वाट्याची मजुरी तिच्या खात्यात जमा व्हावी. कोयता हे हत्याराचे नाव राहू द्या. हिशेबाचे एकक माणूस असू द्या.

या मागण्यांना होणारा विरोध आम्हाला ठाऊक आहे, आणि तो सगळा खोटा नाही. वाहनमालक हा पुष्कळदा स्वतःच छोटा शेतकरी असतो. त्याने कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला असतो, मुकादमाला लाखो रुपये उचल दिलेली असते आणि ऐन हंगामात टोळी येतच नाही. अशी फसवणूक झालेले शेतकरी पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव आहेत. काहींनी जमिनी विकल्या, काहींनी जीव दिला. त्यांचे म्हणणे असे की, खाडा नसेल तर कामावर धाक राहणार नाही. पण खाडा असतानाच ही फसवणूक होते आहे. लाखोंची उचल बुडवणाऱ्याला पाचशेच्या दंडाने काही फरक पडत नाही. तो दंड भरते ती तापाने फणफणलेली बाई. उचलीच्या तोंडी व्यवहाराने वाहनमालकही लुबाडला जातो आणि मजूरही. दोघांनाही सोडवणारा मार्ग महाराष्ट्राने 1969 मध्येच काढला आहे.

तो मार्ग म्हणजे माथाडी कायदा. बाजार समित्यांत आणि गोद्यांत ओझी वाहणाऱ्या हमालांनाही एकेकाळी मालक नव्हता. आज या दुकानात, उद्या त्या. अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्या नेत्यांच्या लढ्यातून कायदा झाला आणि मंडळे स्थापन झाली. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने ती मजुराला द्यायची, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, पगारी रजा, दवाखाना चालवायचा. पुण्यात बाबा आढावांनी उभ्या केलेल्या हमाल पंचायतीने हमालांच्या पाठीवरच्या गोणीचे वजन कमी करण्यासाठीही आवाज उठवला, आणि शंभर किलोंचे पोते पन्नास किलोंवर आले. माथाडी मंडळांत पुढे गैरप्रकार शिरले, खंडणीखोर घुसले, हे नाकारता येणार नाही. तरीही ज्याला कुणी मालक नाही अशा मजुराला रजा आणि निवृत्तीचा आधार देणारी अशी व्यवस्था देशात फार थोड्या ठिकाणी उभी राहिली. ऊसतोड मजुरांनाही असाच कायदा लावावा, ही संघटनांची मागणी जुनी आहे. मंडळामार्फत मजुरी बँकेत जमा झाली आणि अग्रिम रकमेची नोंद मंडळाकडे राहिली, तर एकाच माणसाला तीन मुकादमांकडून उचल घेता येणार नाही आणि मुकादमालाही वहीत हवा तो आकडा लिहिता येणार नाही.

मग पैशांचा प्रश्न येतो. शेतकऱ्याला वाटते, तोडणीचा खर्च त्याच्या उसाच्या दरातूनच कापला जातो, म्हणजे मजुराला दिलेला प्रत्येक रुपया त्याच्या खिशातून जातो. ही भीती समजण्यासारखी आहे. एफआरपीसाठी, म्हणजे उसाच्या रास्त आणि किफायतशीर दरासाठी, त्याला दरवर्षी रस्त्यावर यावे लागते. म्हणून थोडी आकडेमोड केली पाहिजे. खाडा रद्द करायला एक पैसाही लागत नाही, तो केवळ दंड आहे. खर्च येईल तो पगारी रजेला. राज्यात ऊसतोड मजूर आठ ते दहा लाख असावेत असा सर्वसाधारण अंदाज सांगितला जातो. त्यांत पाच लाख बायका धरू. प्रत्येकीला महिन्याला दोन दिवस पगारी रजा द्यायची ठरवली तर हंगामात दहा दिवस, दिवसाला साडेचारशे, म्हणजे माणशी साडेचार हजार. एकूण सव्वादोनशे कोटी. चांगल्या वर्षात महाराष्ट्रात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. टनाला साडेबावीस रुपये पडतात. 2025-26 च्या हंगामाचा मूळ उतारा धरून एफआरपी टनाला 3,550 रुपये आहे; त्याच्या तुलनेत ही रक्कम शंभरात एक रुपयाही भरत नाही. एका टनातून साधारण शंभर किलो साखर निघते असे धरले तर किलोमागे साडेबावीस पैसे होतात. हा ढोबळ हिशेब आहे. कुणी तज्ज्ञाने तो दुरुस्त करावा, आम्हाला आनंदच होईल. पण आकडा दुप्पट झाला तरी चहात साखर घालणाऱ्या कुणालाही तो जाणवणार नाही, आणि तो शेतकऱ्यावर टाकण्याचेही कारण नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, अशी तरतूद आधीच आहे. ती पूर्ण वसूल झाली तर दोन्ही मिळून टनाला वीस रुपये होतात. म्हणजे जवळजवळ सगळी रक्कम कागदावर मंजूर आहे. महामंडळाने आजवर किती पैसे जमवले, कशावर खर्च केले आणि किती बायकांच्या हातात त्यातले काही पडले, हे सरकारने विधिमंडळात सविस्तर मांडावे.

आणखी एक युक्तिवाद हल्ली जोरात केला जातो: तोडणी यंत्रे येत आहेत, सरकार त्यांना अनुदान देते आहे, पाच-दहा वर्षांत हा प्रश्नच उरणार नाही. यंत्रे येतील, यावीतही. माणसाने फळीवरून मोळ्या वाहू नयेत हेच चांगले. पण लहान तुकड्यांच्या, वाकड्या बांधांच्या, पाणी साचणाऱ्या रानांत यंत्र सहज जात नाही आणि तिथे कोयता बराच काळ लागणार आहे. शिवाय यंत्र आल्यावर बीड-जालन्याच्या या बायकांनी काय करायचे, हे कुणी ठरवलेले नाही. यंत्र येईपर्यंत त्यांनी आजारी पडू नये, असेही त्यांना सांगता येत नाही.

कराराच्या बैठकांची छायाचित्रे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो. लवाद, संघाचे पदाधिकारी, संघटनांचे नेते. एखादी महिला नेता सोडली तर सगळे पुरुष, आणि ऊस तोडणारी बाई कुठेच नाही. या वेळी बैठक बोलावताना सरकारने किमान दहा-बारा ऊसतोड स्त्रियांना टेबलावर बसवावे: पिशवी काढलेल्या, न काढलेल्या, तान्ह्या मुलासह हंगाम काढलेल्या, वय झाल्यावर अर्धा कोयता होऊन काम करणाऱ्या. त्यांच्या प्रवासाचा आणि त्या दिवसाच्या मजुरीचा खर्च महामंडळाने द्यावा. टक्केवारीची बोलणी सुरू होण्याआधी त्यांना विचारावे की, गेल्या हंगामात किती खाडे पडले, ते कशामुळे पडले आणि किती रुपये उचलीत चढले. त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवावीत. मग खाडा बंद करण्याचे कलम करारात घालायचे की नाही, यावर उपस्थित प्रत्येकाने आपले मत नावानिशी द्यावे. जूनमध्ये मुकादमांचे नवे करारनामे लिहायला सुरुवात होते, त्याआधी हे होणे शक्य आहे.